रंगरावाची मागून भरायची बंदूक

बसा. समदे बसा. मागं उभे हायत त्यांनी बी बसा, आन् काठ्या खाली ठेवा. हा बांधावरचा तंटा न्हाई. कालच दहावा झालेल्या घरचा दुखवटा हाय.

शिरूरकडून, नारायणगडाकडून, नदीच्या पलीकडून माणसं आलीत. मारुतीचा पार असा भरलेला मी कवा बघितला न्हाई. मी यशवंत दफेदार. पलटणीत उमर गेली माझी. मला हुकूम द्यायला येतं, बोलाया येत न्हाई. त्यात ज्याच्या खांद्याला मी पयली बंदूक लावली, त्याच्यावर बोलायचं म्हंजे... थांबा जरा. न्हाई, पाणी नको. बोलतो.

रंगराव गेला. दसऱ्याच्या मैदानावर, भरल्या दुनियेसमोर, हातातली बंदूक फुटून गेला. नळीचा तुकडा मानेत घुसला. "आई" म्हणाया बी सवड मिळाली न्हाई लेकराला. तुमी बघितलं. मी बघितलं. आन् त्याचा धाकटा भाऊ सर्जा, त्यानं तर ते डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

तो सर्जा आता त्या लिंबाखाली बसलाय. मांडीवर भावाची जुनी ठासणीची बंदूक हाय. भरलेली हाय. मला सांगायची गरज न्हाई, मला दिसतं. आन् ज्याच्यावर ती रोखायचीय तो बी हितंच हाय. माणिकराव. पलीकडच्या गावचा नेमबाज. रंगरावाचा मैदानावरचा हाडवैरी. पयल्या रांगेत येऊन बसलाय. अशा सभेत यायला छाती लागती, राव.

सर्जा, तुझं म्हणणं समद्यांना ठावं हाय. बार काढायच्या आधी माणिकरावानं बंदूक हातात घेतली, नळीत कायतरी कोंबलं, करणी केली. माझ्या भावाला मारलं, आता मी ह्याला मारणार. तू मारुतीपुढं शपथ घेतलीस. गावातली अर्धी पोरं तुझ्या मागं हायत. म्हणून तर मी उभा हाय. न्हाईतर मी कशाला उभा राहतो? एका कोपऱ्यात बसून रडलो असतो.

सर्जा, तू मला काका म्हणतोस ना? मंग काकाचं समदं ऐक. ऐकल्यावर काय करायचं ते कर.

दर दसऱ्याला डोंगराच्या उताराला चुना लावलेला माठ ठेवायचा, मधी काजळाचा ठिपका. ज्याचा बार ठिपक्याला लागला, त्याच्या गावानं पयलं सोनं लुटायचं. कैक वर्षं माणिकराव लुटत आला. का? रंगरावाचा नेम कच्चा व्हता? छे! नेम सोन्यासारखा व्हता. बंदूक दगा द्यायची. ठासणीची बंदूक ती. दारू जरा दमट झाली की फुस्स! मैदानावर पोरं हसायची. रंगराव बी हसायचा. पण रातीला जेवत न्हवता.

औंदा माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, मागून भरायची बंदूक घ्यायची. परवाना काढलाय." आमी औरंगाबादेला गेलतो. सर्जा, तू बी व्हतास की! दुकानदारानं दोन बंदुका मांडल्या. एकीवर चांदीची वेलबुट्टी. तू म्हणालास, "दादा, हीच घे." मी काय म्हणालो? "बे, तू बंदूक बघायला आलास का नवरी?" रंगराव किती हसला! मंग मी त्याला सांगितलं, डोळे मीट, खांद्याला लाव, आता डोळे उघड. उघडल्यावर नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आपोआप नजरेसमोर आली पाहिजे. मान वाकडी करावी लागली तर ती बंदूक तुझी न्हाई. चांदीवालीला मान वाकडी झाली. साधीला माशी बरोब्बर समोर. साधीच घेतली.

तरी ती एका दिवसात त्याची झाली न्हाई. दस्ता लांब व्हता, खांद्याला अडायचा. सुताराकडून थोडा थोडा तासून घेतला. गालाला लागतो तिथं चामडं चढवलं. बार डावीकडं जायचा. माशी हलक्या हातानं ठोकून सरकवली, बार काढला, परत सरकवली. चाप जड व्हता, तो सैल करून दे म्हणून माझ्या मागं लागला. मी म्हणालो, चाप तसाच राहू दे, बोट पक्कं कर. ऐकायचा न्हाई आधी. भांडायचा. पण ऐकायचा.

आन् एक गोष्ट मी त्याच्याकडून घोकून घेतली. काडतूस घालायच्या आधी बंदूक मागून उघड आन् नळीतून आभाळ बघ. आभाळ दिसलं तरच काडतूस. अडलेल्या नळीतून बार काढला तर नळीच फुटती. सरावाला एकदा बी चुकला न्हाई तो.

मंग दसऱ्याला कावून चुकला? हेच तुमी मला विचारताय ना? सर्जा बी हेच विचारतो. सांगतो.

खंडेनवमीच्या सकाळी त्यानं बंदूक पुसली, आभाळ बघितलं, आन् देवघरात पूजेला ठेवली. दसऱ्याला देवापुढून उचलली ती सरळ मैदानावर. देवाजवळच्या बंदुकीत काय असणार? कोण हात लावणार? कालच तर बघितली व्हती. एवढाच त्याचा इचार. तुमी-आमी असतो तर दुसरं काय केलं असतं?

माणिकराव मैदानावर म्हणाला, "बघू दे बे, वजन किती हाय." बंदूक हातात घेतली, खांद्याला लावली, परत दिली. समद्यांच्या डोळ्यांसमोर. मी हातभर अंतरावर व्हतो. त्यानं नळीला बोट लावलं न्हाई. हे मी मारुतीच्या पायरीवर उभं राहून सांगतो.

मंग नळीत व्हतं काय? फुटलेल्या नळीतून जळक्या फडक्याचा तुकडा निघाला, तो सर्जानंच काढला, आन् समद्यांना दाखवून करणी, करणी म्हणाला. तो तुकडा माझ्याकडं ठेवलाय. आज सकाळी रंगरावाच्या आईनं, गोदाक्कानं मला बोलावून घेतलं. दहा दिवस ती भिंतीला टेकून बसली व्हती, कुणाशी बोलली न्हवती.

मला विचारती, "दफेदार, त्या फडक्याचा रंग कंचा?"

म्हणालो, पिवळा.

"काठ?"

हिरवा.

मंग म्हणाली, "माझ्या चोळीच्या खणाचा हाय. त्यात सुपारी व्हती. मीच घातली."

गप बसा! एक बी शब्द नको. आधी ऐका!

अरे, तुमच्या घरात घालत न्हाईत? खंडेनवमीला हत्याराला हळद-कुंकू लावायचं, नजर लागू नये, कुणी करणीनं बंदूक बांधू नये म्हणून नळीच्या तोंडात मंतरलेली सुपारी ठेवायची. माझी आई ठेवायची. तुमच्या आया ठेवायच्या. गोदाक्का दरसाल ठेवायची. आन् कवा काय झालं? काई न्हाई. कारण ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी, समदं तोंडातूनच जातं, ठासायला लोखंडी गज आत घालावाच लागतो. गज सुपारीला लागायचा. रंगराव बंदूक उलटी करायचा, सुपारी तळहातावर पडायची, तो ती कपाळाला लावून पागोट्यात खोचायचा. आईला वाटायचं, माझ्या सुपारीनं राखलं.

औंदा बंदूक मागून भरायची. तोंडात गज गेलाच न्हाई. आन् वाटेत पडू नये म्हणून त्या माऊलीनं काडीनं सुपारी चांगली आत सारली. नवी बंदूक, म्हणून जास्त काळजी. बस. एवढंच झालं. करणी न्हाई, वैर न्हाई. मायेनं ठेवलेली सुपारी, आन् तिला ठावं न्हवतं की ही बंदूक निराळी हाय.

मी तिला म्हणालो, गोदाक्का, हे तुझ्या-माझ्यात राहू दे. मी माणिकरावाला दुसऱ्या कोणत्या तरी रीतीनं वाचवतो. हे मी सभेत बोलणार न्हाई. माझी जीभ रेटणार न्हाई.

तर माझ्यावर खेकसली. म्हणाली, "माणिकरावाला बी आई हाय ना? माझा एक पोरगा माझ्या हातानं गेला. आता दुसऱ्याला खुनी करू का, मी गप बसून? तुमी सांगा. समद्यांसमोर सांगा. मी तिथंच बसते."

ती बघा बसलीय. बायांच्या पुढं. पदर डोक्यावर न्हाई घेतलेला तिनं, तोंड लपवलेलं न्हाई. ज्याला तिला बोल लावायचाय, त्यानं आधी आपल्या आईकडं बघावं आन् मंग माझ्यासमोर यावं. मी म्हातारा हाय, पण हात अजून चालतो माझा.

सर्जा. आता तुला बोलतो. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. तुझ्या आईनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई. म्हणती, सर्जा शपथ सोडील, आपल्या हातानं तांब्या देईल, तवाच पिईन. न्हाईतर न्हाई. तिची जिद्द तुला ठावं हाय, तुमी दोघं भाऊ त्याच मातीचे. मी तुझ्या हातून बंदूक हिसकावून घेणार न्हाई. तुझ्यावर हुकूम चालवणार न्हाई. तुझा भाऊ परत येत न्हाई, सर्जा. आई तेवढी हाय.

उठला... वाट द्या त्याला. कुणी अडवू नका. ए पोरांनो, सरका! माणिकराव, हलू नका. बसल्या जागी बसा. हात मांडीवर ठेवा.

ये, सर्जा. ये बाबा. असा ये, माझ्याकडं.

हां. दे हिकडं. नळी वर. घोडा धरलाय मी, सोड तू. ही बघ, घोड्याखालची बाराची टोपी काढली. झालं. आता रड, बापा, रड. पण आधी आईकडं जा.

आता समदे उठा. रंगरावासाठी उभे राहू, शांत. कुणी बोलायचं न्हाई, कुणी हुंदका बी मोठ्यानं काढायचा न्हाई. माणिकराव, तुमी बी उठा, तुमी त्याचे सोबती व्हता.

गोदाक्का, तू नको उठू. तू पाणी पी.