फाटकातूनच सांगायचं

(आयोवातलं एक लहान गाव. दुपार. एका पोलिसाच्या घराचं मागचं दार.)

जनीन : ...म्हणून आज मागच्या दारानं आलात, पास्टर?

एलमर : पुढच्या दारानं यायला तोंड कुठे आहे मला? ते जाकीटही घरी ठेवून आलोय.

जनीन : बसा. कॉफी आहे, गार झालीय.

एलमर : चालेल. जनीन, त्या दिवशी माझी गाडी बंद पडली होती. डॅरेल म्हणाला, गस्तीवर निघालोच आहे, सोडतो. वाटेत तुझं घर लागलं. म्हटलं, तुझं केकचं भांडं देऊन टाकावं. एवढंच गं.

जनीन : खिडकीतून मला भांडं नाही दिसलं. पोलिसांची गाडी थांबली, वर्दीतला डॅरेल उतरला, आणि मागून तुम्ही, क्रूसवालं जाकीट घालून. तुम्ही दोघं मिळून कुणाच्या दारात कशासाठी जाता, ते पोलिसाच्या बायकोला सांगावं लागत नाही.

एलमर : इतकी वर्षं हे काम करतोय. पगार नाही, पण कुणी गेलं की पोलीस बोलावतात आणि मी ती बातमी घेऊन त्यांच्या घरच्यांच्या दारात उभा राहतो. त्या दारातून आपण कसे दिसतो, हे कधी मनातच आलं नाही.

जनीन : नोलन ड्यूटीवरून घरी आला, तर हसलाच. म्हणाला, मी जिवंत आहे म्हणून रडतेस का? पण मी जमिनीवर बसले, ते ट्रूडीनं पाहिलं. आता बेल वाजली की पोर सोफ्यामागे जाते.

एलमर : चर्चमधल्या रविवारच्या शाळेत माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवायची ती. परवा मला बघून बाहेरच थांबली. जन्मभर मुलांना शिकवलं मी, जनीन. मला बघून कधी कुणी लपलं नव्हतं.

ट्रूडी : आई, ते कशाला आलेत?

जनीन : ये बाहेर. काही झालेलं नाही.

ट्रूडी : बाबा कुठेयत?

एलमर : शाळेसमोरच्या चौकात, गाड्या अडवतोय. मघाशी मला हात केला. तोंडात सँडविच कोंबलेलं, त्यामुळे बोलणं काही जमलं नाही.

ट्रूडी : मग ते आधी सांगायचं ना.

एलमर : चुकलंच माझं. कुठून सांगू?

ट्रूडी : फाटकातूनच. 'ट्रूडी, बाबा बरे आहेत.' मग बेल वाजवायची.

एलमर : दर वेळी?

ट्रूडी : दर वेळी. म्हणून दाखवा.

एलमर : ट्रूडी, बाबा बरे आहेत.

ट्रूडी : असं हळू नाही. सोफ्यामागे ऐकू आलं पाहिजे.

एलमर : ट्रूडी, बाबा बरे आहेत!

ट्रूडी : हां. आता बरोबर.

जनीन : जा, खेळ जा आता... पास्टर, शब्द दिलात खरा. पण एखाद्या दिवशी फाटकातून आवाज आला नाही, तर?

एलमर : तर मी पायऱ्या चढायच्या आत तिला कळलेलं असेल. हे काही शिकवायचं नव्हतं गं मला तिला.

जनीन : त्या दिवशी दुसऱ्या कुणाला पाठवू नका. तुम्हीच या, पुढच्या दारानं. मी उघडीन.