कुठलं पाणी ते लिहा

जबाब
दि. ११/१२/१९९७

माझं नाव सुमित्राबाई गोटीराम मढवी, वय ५६ वर्षे, धंदा घरकाम, पूर्वी शेती (जमीन कारखान्यांत गेली), राहणार पावणे गाव, नवी मुंबई. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगा तेजस याच्यासह राहते. तो कळंबोलीला ट्रकवर ड्रायव्हर आहे. त्याची बायको सुचिता, वय ३३, गेल्या महिन्यात वारली.

गावामागच्या नाल्याला कारखान्यांचं पाणी येतं. आमच्या बोअरिंगलाही त्याचा वास लागला आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कॉलेजची माणसं आली. कोळसा-वाळूच्या टाक्यांतून नाल्याचं पाणी साफ करून बघायचं आणि असल्या पाण्यानं बायकांना आतून रोग लागतो का तेही तपासायचं, असं त्यांचं संशोधन होतं. पहिल्या दिवशी शाळेत पाण्याची चौकशी होती. बाईडॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

पहिल्या दिवशी मी व सुचिता गेलो. टेबलाशी नंदकिशोर नावाचे साहेब होते. त्यांनी विचारलं, "ताई, पाण्याचा काही त्रास?" सुचितानं पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "पानी जातं. वास पन येतो." अंगावरून पांढरं जातं त्याला आमच्या बायका पाणी जाणं म्हणतात. परक्या पुरुषासमोर ती एवढं बोलली हेच पुष्कळ. साहेबांना वाटलं, घरातलं पाणी जातं आणि त्याला वास येतो. त्यांनी पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली व म्हणाले, "पाण्यात टाका, मग वापरा."

त्या गोळ्या पाणी शुद्ध करायला प्यायच्या हंड्यात टाकायच्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. सुचिता त्या पाण्यानं आतून धुवायची. आग व्हायची. विचारलं तर म्हणायची, "आये, औषध लागतंय म्हंजे गुन येतोय."

दुसऱ्या दिवशी बाईडॉक्टरांकडे गावातल्या बायका गेल्या, ही गेली नाही. म्हणाली, "काल सांगितलंय ना सायबांना. दोनदा कशाला लाज काढायची?"

पुढे रक्त जायला लागलं. दवाखान्यात नेलं तर गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी का नाही आणलंत? काय सांगणार, कपाळ?

आज सकाळी शाळेत त्याच माणसांचा कार्यक्रम होता. नंदकिशोर साहेबांनी काचेच्या बरणीत नाल्याचं साफ केलेलं पाणी आणलं होतं. पाणी स्वच्छ होतं, खोटं कशाला बोलू. टाक्या बघायला ते गावात यायचे, म्हणून मला ओळखतात. हसून म्हणाले, "आजी, सूनबाई नाही आल्या? त्यांचा पाण्याचा त्रास गेला ना?"

मी म्हणाले, "मेल्या, तीच गेली!" आणि बरणी उचलून आपटली. काच त्यांच्या हाताला लागून रक्त आलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. बरणी मीच फोडली.

एवढं सांगताना मी रडले, ते लिहू नये.

जबाब शिवराम हवालदारांनी वाचून दाखवला. त्यात सुनेच्या त्रासाच्या जागी 'मयत सुनेनं पाणी जात असल्याची तक्रार केली' एवढंच होतं. मी म्हणाले, कुठलं पाणी ते लिहा. ते म्हणाले, "मावशी, कागदावर बरं दिसतं का ते?" मी म्हणाले, माझी सून लाजेपायी गेली, तुम्ही तरी लाजू नका. त्यांनी खोडून 'अंगावरून जाणारं पाणी' असं लिहिलं व पुन्हा वाचून दाखवलं.

आता बरोबर आहे.

(डाव्या हाताचा अंगठा)