कावळकड्याच्या लेण्यातली काच

ऐका. जवळ सरका, आणि पाठीमागच्या कड्याकडे कुणी बघू नका. बघू नका म्हटलं ना, गंगे! अंधारात दिसत काही नाही, तरी पोरगी मान वळवतेय.

तर ही त्याच कड्याची गोष्ट. कावळकड्याच्या पोटात लेणं आहे, लेण्यात देवी आहे. तेव्हा जत्रेची माणसं रात्री लेण्यातच निजायची. बायका, पोरं, म्हातारी, सगळी. बापजाद्यांची रीतच होती.

तेव्हा हेमलताबाई नावाची एक सरकारी बाई यायची. तिचं काम काय? या भागातले गड, लेणी, बारवा, देवराया, सगळ्यांची तब्येत बघायची. हसू नका! दगडालाही तब्येत असते. कुठल्या बुरुजात पिंपळ शिरला, कुठल्या बारवेत गाळ चढला, कुठल्या देवराईत कुऱ्हाड चालली, ते हिंडून हिंडून बघायचं. आपल्या लेण्याच्या छताला चीर गेलेली. चीर जिथे भिंतीवर उतरते तिथे बाईनं हात पोचेल अशी काचेची एक पट्टी आडवी बसवली होती. दोन्ही टोकं दगडात पक्की. का? तर दगड सरकला तरी बोलत नाही, पण काच तडकते. काच धड, तर छत धड.

जत्रेच्या आदल्या दिवशी बाई ती काच बघायला निघाली, आणि घाटात गाडी बंद पडली. गावात पोचेपर्यंत दिवस बुडाला. लेण्याचा पहारेकरी हैबती गवारी तापानं फणफणलेला, घोंगडीत.

"बाई, आता नका जाऊ. उजाडू द्या."

"उजाडलं की माणसं चढायला लागतील, हैबतीमामा. एकदा तिथे चुली पेटल्या की उठवणार कोण त्यांना?"

आतून हैबतीची सून आली, कडेवर तान्हं पोर. "याला उद्या देवीच्या पायावर घालायचंय, बाई. रात्री तिथेच निजवायचा नवस आहे."

बाई त्या पोराकडे बघत राहिली. पोरानं जांभई दिली. झालं! बाईनं बॅटरी उचलली.

हैबती म्हणाला, "जाताय तर जा. पण वर कुणी हाक मारली तर ओ देऊ नका."

निघाली. एकटी. पायऱ्या कातळातल्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. चढली, चढली. वाटेत एक वाकडा चाफा लागला. पुढे गेली. परत चाफा. तोच, वाकडा. पाय भरून आले, छाती धपापली, आणि खाली बघितलं तर गावातले दिवे होते तिथेच! एवढं चढूनही गाव काही खाली जाईना. चकवा, दुसरं काय!

बॅटरी मिणमिणली आणि विझली. आणि वरून हाक आली.

"बाई!"

"ओ! कोण आहे?"

दिली ना ओ! दमलेल्या माणसाच्या तोंडून ती निघतेच. पायरीवर कंदील घेऊन एक माणूस उभा. मुंडासं कपाळावर ओढलेलं.

"मी लेण्याचाच माणूस. या. वाट चुकाल."

तो पुढे, बाई मागे. चाफा परत लागला नाही. बाईला हायसं वाटलं. वेडी! ज्यानं चकवलं तोच वाट दाखवत होता.

लेण्यात गारवा. त्या माणसानं कंदील भिंतीशी धरला. काच चकचकत होती. अख्खी! कुठे रेघसुद्धा नाही.

"बघा. सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "जा आता खाली, आणि सांगा तसं. म्हणावं, खुशाल या."

बाईचा जीव भांड्यात पडला. वळलीसुद्धा. पण हाताची सवय हो! मंद उजेडात बारीक तडा दिसत नाही, म्हणून ही कामाची माणसं काचेवरून बोट फिरवतात. बाईनं बोट फिरवलं.

चर्रकन कापलं!

डोळ्यांना काच अख्खी, आणि बोटाला फुटलेली. रक्ताचा ओघळ काचेवरून आला आणि मधेच आत शिरला. जिथे फट दिसतच नव्हती तिथे! बाईनं नख घातलं. नख आत गेलं. छत सरकलं होतं, पोरांनो. चांगलंच सरकलं होतं.

"बोट कशाला लावलंस?" आवाज बदलला. घोगरा झाला, दगडावर दगड घासावा तसा. "म्हण, सगळं ठीक आहे."

बाईनं नाही म्हणून मान हलवली.

"तुला पटत नाही? ही माणसं बघ किती निवांत निजलीत."

त्यानं कंदील वर धरला, आणि लेणं भरलेलं दिसलं. ओळीनं माणसं. घोंगड्या, धोतरं, लुगड्यांचे पदर, सगळ्यांवर दगडाची पांढरी भुकटी. घोरणं नाही, खोकणं नाही, कुशीवर वळणं नाही. फार पूर्वी याच लेण्याची मागची बाजू खचली होती, जत्रेकरूंसकट. गावानं ते विसरून टाकलेलं. त्यांनी नव्हतं टाकलं.

ओळीच्या मधे जागा मोकळी होती. एक मोठी, आणि तिच्या शेजारी वीतभर. तान्ह्या पोराएवढी.

"उद्याची धरून ठेवलीय," तो म्हणाला.

आणि घोंगड्यांखालून सगळी पुटपुटायला लागली. "ठीक आहे... ठीक आहे... येऊ दे... येऊ दे..."

बाई धावली! दाराशी आली तर पायऱ्याच नाहीत. खाली नुसता काळा खोल कडा. एक पाऊल पुढे की संपलं! मागे कंदील जवळ येतोय. काय करावं?

डोळ्यांनी एकदा फसवलं होतं. बाईनं डोळे गच्च मिटले. चपला भिरकावल्या. अनवाणी पाय पुढे सरकवला, नुसत्या हवेत... आणि टाचेला लागली पायरी. गार, खोलगट, शेकडो पावलांनी झिजलेली! दुसरी चाचपली. तिसरी. भिंतीला हात, पायाखाली खोलगा. मागून तिच्या आईच्या आवाजात हाक आली, "हेमे, थांब गं, पडशील!" पदर मागे ओढला गेला, फाटला. बाईनं ओ दिली नाही. डोळे उघडले नाहीत. पायाला शेण-माती लागली, कुत्री भुंकली, तेव्हाच उघडले. समोर हैबतीचं दार.

"लेण्यात कुणाला निजू देऊ नका," एवढंच बोलली आणि उंबऱ्यावर बसली.

पहाटे गाव गोळा झालं. भगत चिडला. "आमची देवी आम्हाला मारील होय? तुमच्या काचेला काय कळतं?" बराच कालवा झाला. पण हैबतीच्या सुनेनं बाईचं बोट बघितलं, फाटका पदर बघितला, आणि पोराला छातीशी धरलं.

"देवीला मी इथूनच हात जोडते. नवस मोडला तर माझ्यावर. माझं पोर तिथे निजणार नाही."

मग एकेक बाई तिच्या मागे उभी राहिली. त्या रात्री जत्रा खालच्या माळावर निजली. वर पहाटेपर्यंत कंदील हिंडत होता, इकडून तिकडे, इकडून तिकडे.

छत पडलं का, म्हणतोस? नाही. अजून नाही पडलं. म्हणून तर लोक हसतात, बाई भ्यायली म्हणतात. हसू देत. ते पोर आज दोन लेकरांचा बाप आहे.

पण तुम्ही ऐका. दिवस मावळल्यावर त्या पायऱ्यांना पाय लावू नका. वाट कितीही जवळची असो, सोबतीला कुणी कितीही गोड बोलून येवो. ते छत घाई करत नाही. आणि त्या ओळीत मधली जागा अजून मोकळी आहे.