दुबईतला दीर

मुबीन : आता दिसतंय काय, काका?

अरुणकुमार : दिसतंय.

मुबीन : मग मी या गच्चीवर पाऊण तास कशाला घाम गाळतोय?

अरुणकुमार : दिसतंय रे, पण भोजपुरी दिसतंय.

मुबीन : फोन जरा टीव्हीजवळ धरा.

अरुणकुमार : ऐकलंस?

मुबीन : ऐकलं. भोजपुरीच हाय. बाई रागावलीय कुणावर तरी.

अरुणकुमार : मला मराठी हवंय. साडेसातच्या आत.

मुबीन : डिश फिरवून भाषा बदलत नाय, काका. खाली येतो. वॉचमनला, त्या हारिसला सांगा, जिन्याचं दार लावू नको म्हणून. मागच्या खेपेला त्याने मला वर ठेवून कुलूप घातलं आणि जुम्म्याच्या नमाजाला गेला.

(मुबीन गच्चीवरून खाली येतो.)

अरुणकुमार : बस. पाणी घे. काय बिघडलंय?

मुबीन : काय पण नाय. तुमची डिश कुवेतच्या या अर्दिया भागातली सगळ्यात सरळ डिश हाय. तिकडे साल्मियात एका तेलुगू साहेबाला चुकून दुसराच पॅक लागला, त्याला दोन वर्षं फक्त मराठीच दिसत होतं. मी नीट करायला गेलो तर म्हणाला, हात लावू नको, आधी थोरल्या सुनेचं बाळंतपण होऊ दे.

अरुणकुमार : मुबीन, सात वाजून गेलेत.

मुबीन : हां. बॉक्स कुणाच्या नावावर हाय?

अरुणकुमार : सुजाताच्या. माझ्या बायकोच्या. तळेगावच्या घरी तिचा बॉक्स आहे, त्यावरच हा दुसरा काढला. तूच काढून दिलास, आठ वर्षांपूर्वी.

मुबीन : आता आठवलं. थोरला बॉक्स तळेगावात, धाकटा इथे. कंपनी इंडियाबाहेर कनेक्शन देत नाय, म्हणून कागदावर हा धाकटा तळेगावच्या बेडरूममध्ये हाय. आणि त्याच्या समोर बसलेले तुम्ही पण.

अरुणकुमार : ते मला तेव्हा बरं वाटलं होतं.

मुबीन : तर थोरल्याला जो पॅक, तोच धाकट्याला. तिकडे मराठी काढलं की इथलं गेलं. कधी गेलं?

अरुणकुमार : मराठी जूनमध्ये गेलं. जुलैत कार्टून आलं. ऑगस्टपासून हे.

मुबीन : आणि मला बोलावता ऑक्टोबरात?

अरुणकुमार : इतके दिवस भागत होतं. आता मला पुढचं सुचत नाही.

मुबीन : पुढचं म्हणजे?

अरुणकुमार : तिकडे साडेनऊला एक मालिका लागते. तांब्यापितळेच्या दुकानवाल्यांचं घर, तीन जावा. आपल्याकडे तेव्हा सात वाजतात. ती तिथे बघते, मी इथे बघतो, आणि साडेसातला तिचा फोन येतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली एकवीस मी कुवेतमध्ये. जेवलीस का, औषध घेतलंस का, हे अर्ध्या मिनिटात संपतं. मग श्वेताचं काय झालं, यावर वीस मिनिटं जातात.

मुबीन : श्वेता म्हणजे मधली सून. माझी बायको फरहीन पण बघायची.

अरुणकुमार : चॅनेल गेलं त्या दिवशी तिने विचारलं, बघितलंत का. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर फोन अर्ध्या मिनिटात संपला असता. तेव्हापासून मी अंदाजाने बोलतोय. श्वेताला मी नोकरी लावली. दुकानाला आग लावली, मग विझवली. सप्टेंबरमध्ये काहीच सुचेना, तेव्हा दुबईहून एक दीर आणला.

मुबीन : त्या मालिकेत दुबईचा दीर नाय.

अरुणकुमार : मला माहीत आहे. मीच आणला.

मुबीन : मग काकू काय म्हणाल्या?

अरुणकुमार : म्हणाली, हो, तो मिशीवाला.

मुबीन : काका.

अरुणकुमार : काय?

मुबीन : ती मालिका जुलैत संपली. शेवटच्या भागात सगळे एका पंगतीत जेवले आणि वरून नावं आली. फरहीन दोन दिवस माझ्याशी बोलली नाय.

अरुणकुमार : जुलैत?

मुबीन : जुलैत.

अरुणकुमार : म्हणजे तीसुद्धा बघत नाहीये.

मुबीन : तीन महिने तुम्ही दोघं मिळून मालिका चालवताय. मिशी काकूंची, दीर तुमचा.

अरुणकुमार : पण ती का बघत नाही? तिच्याकडे तर थोरला बॉक्स आहे.

मुबीन : काकूंना भोजपुरी येतं?

अरुणकुमार : तिला हिंदीसुद्धा भाजीवाल्यापुरतं येतं.

मुबीन : घरात लहान पोर?

अरुणकुमार : नात आहे, पण ती कोल्हापूरला, देवयानीकडे. आमच्या मुलीकडे. तळेगावात सुजाता एकटीच असते.

मुबीन : चौदा वर्षं हा धंदा करतोय मी. राई बाजारातल्या माझ्या दुकानात बसून नुसता पॅक बघून सांगतो, घरात कोण हाय. कार्टून म्हणजे पोर, शाळेत न जाणारं. भोजपुरी म्हणजे बिहारकडचं बिऱ्हाड. तळेगावात कारखाने हायत?

अरुणकुमार : भरपूर.

मुबीन : मग सांगायला नको.

अरुणकुमार : सांग.

मुबीन : तुमच्या घरात भाडेकरू हाय, काका.

अरुणकुमार : शक्य नाही. मी रोज बोलतो तिच्याशी. रविवारी व्हिडिओवर बोलतो. मागे पडदा असतो तो हिरवा.

मुबीन : घरात हिरवा पडदा होता?

अरुणकुमार : मला वाटलं, नवीन घेतला.

मुबीन : हं.

अरुणकुमार : मी मार्चमध्ये कायमचा परत चाललोय, मुबीन. त्या दोन पेट्या बघ. भरून ठेवल्यात. त्या घरासाठी तर इथे राहिलो.

मुबीन : या पेट्या मी मागच्या वर्षी पण बघितल्या.

अरुणकुमार : मागच्या मार्चमध्ये साहेबांनी थांबवलं.

मुबीन : त्याच्या आधीच्या मार्चला पण थांबवलं होतं. हारिस म्हणतो, या बिल्डिंगमधला जो तो मार्चमध्येच जातो. म्हणून इथे कुणाचीच खोली रिकामी होत नाय. आता सरळ विचारा काकूंना.

अरुणकुमार : आम्ही सरळ काही विचारत नाही.

मुबीन : मग बसा. बघा, वाजला. साडेसात.

अरुणकुमार : हॅलो.

सुजाता : जेवलात का?

अरुणकुमार : अजून नाही. मुबीन आलाय, डिशवाला. तू?

सुजाता : झालं माझं. औषध घेतलंत?

अरुणकुमार : घेतलं. आत्ताच मालिका संपली.

सुजाता : हो, मीपण आत्ताच बंद केला टीव्ही.

अरुणकुमार : आज दीर परत आला.

सुजाता : दुबईचा?

अरुणकुमार : कायमचा. दोन पेट्या घेऊन. कुणाला न कळवता.

सुजाता : हो का. म्हणजे, हो. बघितलं ना.

अरुणकुमार : माझा सिग्नल मध्येच गेला. त्याने बेल वाजवली तिथपर्यंतच दिसलं. दार कुणी उघडलं?

सुजाता : कुठलं दार?

अरुणकुमार : त्याच्या घराचं.

सुजाता : थांबा, जरा बाहेर येते.

अरुणकुमार : सुजाता?

सुजाता : आहे. एका बाईने उघडलं. कडेवर मूल होतं.

अरुणकुमार : घरातली होती का?

सुजाता : नाही. भाडेकरू आहे. नवरा कारखान्यात असतो. माणसं चांगली आहेत, चपला बाहेर ओळीने काढतात.

अरुणकुमार : आणि दिराची बायको?

सुजाता : ती लेकीकडे गेली. जूनमध्ये न्हाणीघरात पडली. सकाळी पडली ती दुपारी शेजारणीने कडी तोडून बाहेर काढली. लागलं फार नव्हतं. पण मग आत कडी लावायची भीती बसली. दार उघडं ठेवून अंघोळ करायला लागली, तर उघड्या दाराची भीती. घरात दुसरं कुणीच नाही, आणि दाराची भीती. लेकीने ऐकलं आणि घेऊन गेली. घर बंद ठेवून काय करायचं.

अरुणकुमार : हे दाखवलं कधी?

सुजाता : नाही दाखवलं.

अरुणकुमार : दिराला फोन करायचा.

सुजाता : करते ना ती. रोज करते.

अरुणकुमार : मग सांगायचं.

सुजाता : तो दर मार्चला येणार असतो हो. तिने कितव्या मार्चपर्यंत कडी उघडी ठेवायची?

अरुणकुमार : आता तो दीर पेट्या घेऊन उभा आहे. त्याने जायचं कुठे?

सुजाता : लेकीकडे हॉलमध्ये सोफा आहे. ओढला की पलंग होतो.

अरुणकुमार : दोघांचा?

सुजाता : एकाचा. ती आत झोपते, नातीजवळ. साडेनऊ वाजले की नात हात धरल्याशिवाय झोपत नाही.

अरुणकुमार : बरंय.

सुजाता : मिशी काढून टाका म्हणावं त्याला. म्हातारा दिसतो.

अरुणकुमार : सांगतो.

सुजाता : जेवून घ्या आता. आणि उद्या बघा हं.

अरुणकुमार : बघतो.

मुबीन : मी काय पण ऐकलं नाय, काका. मी डिशची बिलं बघत होतो.

अरुणकुमार : तू रडतोयस.

मुबीन : गच्चीवरची धूळ गेली डोळ्यात. काकूंना का नाय सांगितलं, मालिका संपली म्हणून?

अरुणकुमार : मग उद्या काय बोलायचं?

मुबीन : ते पण हाय. ऐका, एक करतो. हर्णैला माझी मावशी, हफिजाखाला राहते. तिच्या नावावर नवीन बॉक्स काढून देतो, सगळे मराठी चॅनेल घालून. कागदावर तुम्ही हर्णैला. खालाच्या माडीवर. समोर समुद्र.

अरुणकुमार : नको.

मुबीन : मग निदान देवयानीताईंना सांगा, तळेगावचा पॅक बदलून टाका म्हणून. पॅक त्यांनीच घातला असणार भाडेकरूंसाठी. तुमचा धाकटा बॉक्स त्यालाच जोडलाय, हे विसरल्या असतील.

अरुणकुमार : असू दे. त्यांचं बिऱ्हाड आहे, त्यांना हवं ते बघू देत.

मुबीन : मग हे असंच ठेवू? भोजपुरी?

अरुणकुमार : ठेव.

मुबीन : कळतं काय तुम्हाला त्यातलं?

अरुणकुमार : थोडं थोडं. मघाची बाई रागावली नव्हती. कुणाला तरी जेवायला बोलावत होती.

मुबीन : मग मी निघू? काय लागलं तर फोन करा.

अरुणकुमार : मुबीन.

मुबीन : बोला.

अरुणकुमार : जाताना आवाज जरा कमी कर. तळेगावात दहा वाजून गेलेत, मूल झोपलं असेल.