धामणकरांच्या घरी अन्नाला नावं ठेवत नाहीत

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही भाता सोडा. एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर असं मोठ्यानं द्यायचं की कळसावरची कबुतरं उडाली पाहिजेत! ताटात जे वाढलंय त्याला नावं ठेवावीत, की ठेवू नयेत?

ठेवू नयेत! वा! कसे एका सुरात बोललात! पुढं बसलेले आजोबा तर हात वर करून बोलले. आजींनी त्यांच्याकडं कसं बघितलं तेही मी पाहिलंय बरं का. आजोबा, ते तुमचं तुम्ही घरी गेल्यावर निस्तरा.

बरं, आता दुसरा प्रश्न. नावं ठेवायची नाहीत, कबूल. पण खरं सांगायचं की नाही? का हो? आता का गप्प? तबलजी, तुम्ही बोला! बघा, तेही हातोडी शोधायला लागले! असू दे. उत्तर मी देत नाही, गोष्ट सांगतो. आणि आधीच सांगतो, ही गोष्ट गोड नाही. शेवटी देव धावत येतो आणि सगळं सुरळीत होतं, असं आख्यान ज्यांना हवंय, त्यांनी आत्ताच चपला शोधायला उठावं. मी अडवणार नाही.

तर तासगावात दामोदर धामणकर म्हणून एक गृहस्थ. दामूअण्णा! मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची पाण्याची मोटार जळली की आणायची अण्णांकडं. गिऱ्हाईक मोटार टेम्पोतून उतरवतंय न उतरवतंय, तोच अण्णा नाक वर करून वास घ्यायचे — "जळलीय! वाइंडिंग गेलंय! व्होल्टेज कमी असताना चालवलीत ना? तुमचीच चूक!" तोंडावर सांगायचे. भीड नाही, मुरवत नाही. यंत्रात बिघाड दिसला आणि अण्णा बोलले नाहीत, असं कधी झालं नाही.

आणि घरी? घरी कडक नियम! अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेला. ताटावर बसलं की चवीबद्दल शब्द काढायचा नाही. खारट असो, अळणी असो, गिळायचं आणि "छान झालंय" म्हणायचं. आणि स्वयंपाक करणारीनं देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी बोटसुद्धा चाटायचं नाही. लग्नामुंजीत अण्णा छाती फुगवून सांगायचे, "आमच्या घरात आजवर कुणी वरून मीठ मागितलेलं नाही!" लोक म्हणायचे, काय संस्कार आहेत! मीसुद्धा म्हटलं असतं. तुम्हीसुद्धा म्हणाला असता, आत्ताच ओरडलात की!

आता चव न बघता स्वयंपाक करायचा कसा? तर नाकानं! अण्णांची बायको कुमुद, तिचं सगळं नाकावर चालायचं. संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरली की आधी फडताळ उघडायची. काय आहे घरात? सकाळच्या चार पोळ्या उरल्यात? कुस्करल्या, कांदा-मिरचीची फोडणी दिली, वर कोथिंबीर. ताक आंबट झालंय? फेकतेय कशाला, त्याची कढी! भाजी आणायला कुणाला वेळ झाला नाही? डाळीचं पीठ आहे ना डब्यात? मग पिठलं, भात आणि वर कच्च्या तेलाची धार. आणि काहीच नसलं तर भाजणीचं थालीपीठ. अहो, काही नसताना पोटभर जेवण उभं करायचं, हीच तर खरी सुगरण! पाहुणचाराचा स्वयंपाक काय, सामान आणून दिलं तर मीही करीन. हसू नका, करीन!

फोडणीत हिंग पडला की तिला वासावरून कळायचं कमी पडला का. भात लागायला लागला की ती ओसरीवरनं ओरडायची, "वृंदा, गॅस बारीक कर!" वृंदा म्हणजे त्यांची मुलगी, कॉलेजात जाणारी. ती म्हणायची, आईच्या नाकाला कुणी लायसन्स द्यायला पाहिजे.

मग एकदा काय झालं, फोडणी करपली. मोहरी काळीठिक्कर, लसूण कोळसा! आणि तशाच फोडणीतली आमटी ताटात आली. अण्णांनी घास घेतला. कडू! वृंदानं आईकडं बघितलं, तोंड उघडलं — आणि अण्णांनी डोळे वटारले. "वृंदा! ताटावर आहेस." पोरीनं भातावर ताक ओतलं आणि संपवलं. अण्णा म्हणाले, "छान झालंय."

होतं हो एखाद्या दिवशी! पण पुढच्या आठवड्यात थालीपीठ आलं ते खवट भाजणीचं. डबा उघडल्यावर दारापर्यंत वास यावा अशी खवट! मग कढीत मीठ दोनदा पडलं. मग खिचडीत पडलंच नाही. दुपारची विटलेली आमटी संध्याकाळी गरम करून वाढली. आणि ह्या घरातली माणसं काय करत होती? गिळत होती! अण्णा गुळाचा खडा तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "छान झालंय." वृंदा येता येता कोपऱ्यावर वडापाव खाऊन यायची आणि म्हणायची, "आज भूक नाही गं आई." वर्ष काढलं असं, मंडळी! वर्ष! जळलेली मोटार टेम्पोतून उतरायच्या आत ओळखणारा माणूस!

कुणाचा फोन वाजतोय तो? बंद करा. बंद करा म्हणतो ना! घरून असेल तर सांगा, येतो म्हणावं. आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथंच आहे.

कुमुद स्वतः जेवायची सगळ्यांच्या मागून. कसंतरी चार घास खायची, कशाला काही चवच लागायची नाही. तिला वाटलं, वय झालं. मग वाटलं, मन लागत नाही आपलं. वस्तू कुठं ठेवली ते आठवायचं नाही, गॅसपाशी जाऊन उभी राहायची आणि कशाला आलो ते विसरायची. बाई घाबरली! आणि एका संध्याकाळी, साधं पिठलं-भात होता बघा, तिनं वाढता वाढता हात थांबवला. लग्न झाल्यापासून जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"अहो, खरं सांगा. कसं झालंय?"

अण्णांनी ताटात बघितलं. पिठल्यात पीठ कच्चं होतं, गोळेच्या गोळे, आणि मिठाचा पत्ता नाही.

"का गं? असं का विचारतेस?"

"मला काही वासच येत नाही हल्ली. चव लागत नाही. मला वाटतंय माझं काहीतरी बिघडलंय. तुम्हाला लागतेय ना चव? बरोबर होतंय ना सगळं?"

अरे, बोल! बोल रे बाबा! ती विचारतेय! ती अन्नाचं विचारत नाहीय, स्वतःचं विचारतेय! पाण्यात बुडणारं माणूस हात वर करतं, तसा तिनं हात वर केलाय!

आणि अण्णांनी काय केलं? तो कच्च्या पिठाचा घास गिळला. हसले. म्हणाले, "उत्तम झालंय! तुझ्या हाताला कधी चव नसेल होय? उगाच मनात काहीतरी आणतेस."

तिनं मान हलवली. हायसं वाटलं तिला! म्हणाली, "मग माझ्याच मनाचे खेळ." आणि त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलं नाही.

मंडळी, दामूअण्णा वाईट नव्हते हो! दारू नाही, आवाज चढवणं नाही, बायकोवर जीव! तो खोटं बोलला ते प्रेमानं बोलला. वडिलांचा शब्द पाळला. मनात म्हणाला असेल, बिचारी दमते, तिला आणि कशाला दुखवा. अशी सज्जन माणसं आपण! आणि अशा सज्जनपणाला काय म्हणावं, मला अजून समजलेलं नाही.

पुढं दिवाळी झाली आणि अण्णांची बहीण आली, निपाणीची शकूआत्या. ह्या बाईचं तोंड म्हणजे, देवा! लग्न करून गेल्या दिवसापासून बापाचा नियम तिनं निपाणीच्या चुलीत घातलेला. पानावर बसली, आमटीचा एक भुरका घेतला आणि थूऽऽ! थुंकली!

"अगं कुमुद, विटलीय ही! नासलीय! वास नाही आला तुला?"

अण्णा ताडकन उठले. "शकू! ह्या घरात अन्नाला नावं ठेवायची नाहीत! पानावरून ऊठ!"

"उठते! पण आधी हिच्याकडं बघ की रे दादा!"

कुमुद उभी होती, हातात पळी. म्हणाली, "कसला वास?"

आत्यानं हिंगाची डबी उघडून तिच्या नाकाशी धरली. "डोळे मीट. काय आहे सांग."

"काही नाही." आणि मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "रिकामी आहे ना डबी?"

तिनं डोळे उघडले आणि पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. तांब्या होता उजवीकडं, हात गेला डावीकडं. दिसतही नव्हतं तिला धड! कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही.

मग धावपळ. मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेलं, मेंदूचे फोटो काढले. गाठ! नाकाच्या वर, कपाळामागं. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "साधी गाठ आहे, कर्करोग नाही. पण फार वाढलीय. डोळ्यांची नस दाबलीय. अशी गाठ आधी वास मारते. वास कधीपासून येईनासा झाला?"

"माहीत नाही," अण्णा म्हणाले.

"आठवून बघा. स्वयंपाक बिघडायला कधीपासून लागला?"

आणि अण्णांना आठवलं, मंडळी! करपलेली आमटी, खवट थालीपीठ, कच्चं पिठलं, एकेक संध्याकाळ आठवली! "मागच्या दिवाळीच्या आधीपासून," ते म्हणाले.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "वर्ष झालं? मग तुम्ही बोलला नाहीत?"

"आमच्यात..." अण्णा म्हणाले. "आमच्यात अन्नाला नावं ठेवत नाहीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तेव्हा आणलं असतं तर आठवड्याभरात घरी गेल्या असत्या, डोळ्यांनी बघत."

गाठ काढली. जीव वाचला. पण नजर गेली ती गेली, आणि मनही पुरतं परत आलं नाही. बोललं की मान हलवते, हाताला धरलं की चालते. आपण होऊन शब्द बोलत नाही. तुम्ही म्हणाल, बुवा, देव कुठं होता? आख्यानात देव येतो की! आला असेलही. आला असेल तर निपाणीहून आला, विटलेली आमटी थुंकला, आणि ह्यांनी त्याला पानावरून ऊठ म्हणून सांगितलं. आणि तोही उशिरा आला! मला नाही हो ह्यात कुणाची लीला दिसत. मला एक बाई दिसते, जिनं विचारलं होतं.

आता अण्णा दुकान लवकर बंद करतात. संध्याकाळी फडताळ उघडून उभे राहतात, काय आहे घरात? मुगाची डाळ आहे, तांदूळ आहेत. खिचडी टाकतात. मुद्दाम कधी मीठ घालत नाहीत, कधी मूठभर घालतात. कधी करपू देतात. आणि तिला समोर बसवून भरवतात. पहिला घास दिला की विचारतात, "कसं झालंय गं?"

ती घास चावते.

"वाईट झालंय ना? सांग ना! कडू आहे ना? थुंकून टाक! एकदा तरी नावं ठेव गं माझ्या हाताला!"

ती घास गिळते आणि पुढच्यासाठी तोंड उघडते.

झालं. गोष्ट संपली. पेटी उचलू नका अजून. मघाशी केवढ्यानं ओरडलात, ठेवू नयेत म्हणून! आता कुणी ओरडत नाही. बरंय. मला आज तुमच्याकडून नामाचा गजर नको, आणि आशीर्वाद द्यायला माझ्याकडंही काही उरलेलं नाही. आरती झाली की तुम्ही घरी जाल. घरात जे असेल त्याचं कुणीतरी काहीतरी करून वाढेल, आई, बायको, सून, नाहीतर नवराही असेल. पानावर बसाल, पहिला घास घ्याल आणि सवयीनं म्हणाल, छान झालंय. म्हणा! खुशाल म्हणा! पण म्हणताना वाढणारीच्या तोंडाकडं बघाल का? आणि ती वाढता वाढता थांबली, तर काय उत्तर द्याल?

आजोबा, हात वर करू नका. मला सांगू नका. घरी जा आणि तिला सांगा.