जन्माची खिडकी

अक्षरन् अक्षर खरं आहे, खोटं निघालं तर जीभ झडो... म्हणजे अख्खी नको, टोक झडो, कारण मधलं थोडं वहिनीकडून कळलंय आणि वहिनीला मीठमसाला लावायची सवय. तर तुम्हाला सांगतो, आमचा मावसभाऊ नोंदणी कार्यालयात जन्माच्या खिडकीवर बसतो, आणि वरून फतवा काय यावा? वर्षाअखेरपर्यंत एकही जन्म नोंदला नाही तर खिडकी बंद, माणूस घरी! आता गावात पोरं आणायची कुठून? पाळण्यांच्या दुकानात चालायच्या काठ्या टांगल्यात, शाळेच्या घसरगुंडीवर आजोबा पाठ शेकत बसतात... आणि ह्याला एक बाळ हवं होतं हो, एक!

भाऊ झुरणीला लागला. बाजारात कुणी बाई लिंबं निवडताना दिसली की हळूच विचारायचा, आंबट खावंसं वाटतंय का? एकीनं पिशवीनं हाणला. साहेब म्हणाले, तूच का नाही मनावर घेत? तर वहिनी म्हणते, "आधी नोकरी टिकव, मग पाळण्याचं बघू." आता पाळणा हलल्याशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय पाळणा नाही, ह्यात कुणाला दोष द्यायचा, सांगा! एक बाळ हवं होतं हो, एक.

आणि शेवटच्या दिवशी, खिडकी मिटायला दहा मिनिटं असताना गावचा न्हावी धापा टाकत आला. त्याला मुलगी झाली होती! भावानं फॉर्म ओढला... पण वर्षभर रिकामा बसून तो शेजारच्या पेन्शनच्या खिडकीचे हयातीचे दाखले भरायचा, म्हातारे जिवंत असल्याचे, हाताला तेवढंच वळण! हयात आहे का? आहे. काम करते? नाही. दात? नाहीत. आधाराशिवाय चालते? नाही. ठोकला शिक्का, पेन्शन मंजूर!

जन्म शून्य. खिडकी बंद. हे बाळही हातचं गेलं म्हणून भाऊ रडकुंडीला... तर पोरगी धरून पेन्शनवाले झाले तीनशे एक, आणि तीनशेच्या वर गेले की त्या खिडकीला दुसरा माणूस लागतो, नियमच आहे तसा. बसला भाऊ तिथं! चूक दुरुस्त करू का, असं त्यानं घरी विचारलं, तर वहिनी म्हणाली, "करून तर बघ."

मी म्हटलं, अरे, पण हा पैसा येतो कुठून? म्हणे, कमावत्या माणसांत वाटून टाकलाय.

तुम्ही कमावता ना? मग काढा. दर महिन्याला हं... आणि पोरगी दणकट आहे हो, नव्वदी सहज गाठेल.