पायरीवर न्हाई, पाण्यात हाय

व्हय, पुसला मी. पुसला म्हंजे पुसला — त्यात दडवायचं काय? जेवायला नको म्हणालासा, निदान चहा तरी घ्या, कृष्णातराव. सांगलीस्नं एवढ्या लांब मला खोटी पाडायला आलासा, घसा कोरडा नको. तुमच्या स्पर्धेत पयला नंबर मी काढला, पेपरात फोटू आला, अन आता म्हणता फोटूतलं काय पुसायचा नियम न्हाई. आवं, वाईचा घाट त्यो! पहाटंचं धुकं, कृष्णेचं पाणी आरशागत — अन मधीच विजंच्या तारा, प्लास्टिकच्या पिशव्या अन पायरीवर आमचे मालक. तारा पुसल्या, पिशव्या पुसल्या, मग बोट थांबंना. मोबाईलवर बोट फिरवलं की माणूस गायब — लग्न झालं तवा असती ही सोय, तर!

हळू हसा. आत जेवायला बसल्यात. कान हिकडंच हाय.

चुकलं कुठं? पायरीवरचा माणूस पुसला, पाण्यातला ऱ्हायला! वर पायरी मोकळी, अन खाली टोपीवाला माणूस उलटा. ते तुमाला घावलं. पण तुमच्या आधी गावाला घावलं. ह्येंनी गावभर सांगून ठेवलेलं — मी पेपरात येणार. नाथाजीच्या चहाच्या गाड्यावर चार जणांत पेपर उघडला, तर आपुन न्हाईच! नाथाजीनं पेपर फिरवला अन म्हणाला, ‘आबा, तुमी हितं हायसा की, खाली डोकं वर पाय!’ तवापास्नं माझ्याशी बोलणं बंद. आमटीत मीठ कमी पडलं तरी सांगत न्हाईत. ज्या माणसानं जल्मभर माझ्या मिठाची खोड काढली, त्यो गप बसतोय — म्हंजे बघा राग.

काय म्हणालासा? पायरीवर कोण नव्हतंच, पाण्यात दिसतोय त्यो खांब हाय, असं लिवून दिऊ? मग नंबर माझाच, अन तुमच्या स्पर्धेची अब्रू बी ऱ्हाईल? हं. नंबर मला पायजे, खोटं कशाला बोलू. म्हातारी फोटूपायी येडी झाली म्हणून हसणाऱ्यांच्या तोंडावर मारायचाय मला त्यो.

थांबा, मूळचा फोटू दावते. बघा खांब. मोठा करून बघा — हातात काय हाय? माझ्या चपला! शेवाळावर घसरंन म्हणून मी अनवाणी पाण्यात उतरलेली, अन ह्ये थंडीत कुडकुडत त्या उराशी धरून बसल्यात, देवाच्या पादुकांगत. पुसताना मला नुसती टोपी खुपली. चपला दिसल्याच न्हाईत.

चपला धरणारा खांब कुठं बघितलासा तुमी?

घ्या तुमचा नंबर माघारी. पण पेपरात ह्यो छापायचा — तारांसकट, पिशव्यांसकट. खाली लिवा, बनुबाईचे मालक. न्हाई चालत? नावच पायजे? आवं, मी न्हाई घेत त्यांचं नाव! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नाथाजीला इचारा जावा. न्हाईतर त्यांनाच — न्हाई, ते कशाला बोलत्यात.

...बरं. लिवा.

गुंडा.

ऐकू न्हाई आलं? गुंडा! गुंडा, गुंडा — झालं समाधान?

आं? — तुमी न्हाई वो, आतनं आवाज आला. आमटीत मीठ न्हाई म्हणत्यात.

उठा, कृष्णातराव. चहा झाला न्हवं? जावा आता तुमी.